तीन मोजे घालूनही दुर्बिणीपाशी पाय गार का पडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंगावर चांगलं जाड जॅकेट, पायांत एकावर एक तीन मोजे, तरी दुर्बिणीपाशी उभं राहून तासभर झाला की पायांची बोटं बधिर होतात. हातमोजे घातले तर फोकसरची, म्हणजे प्रतिमा स्पष्ट करायच्या भागाची, खुंटी नीट फिरवता येत नाही आणि काढले तर बोटं काही मिनिटांत आखडतात. तर मग बूट कोणते घ्यावेत?

बुटांकडे येतोच, पण शेवटी. तुमच्या वर्णनात मला बुटांआधी तीन गोष्टी खटकल्या. मोजे तीन आहेत, तुम्ही तासभर एका जागी उभे आहात आणि कमरेखाली काय घातलंय याचा उल्लेखच नाही. या तिन्हींचं काही केलं नाही तर महागातले बूटसुद्धा अर्धा-पाऊण तास जास्त काढून देतील, एवढंच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. तुमच्याकडे पारा किती उतरतो, हवा कोरडी की दमट, वारा आहे की नाही, पायाखाली माती की गच्चीचं काँक्रीट, तुम्ही नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) बघता की कॅमेरा लावून बसता, वय काय, पूर्वीपासून हातपाय गार पडतात का, यातली एखादी गोष्ट बदलली तरी उत्तर थोडं बदलतं. एकाला 8 अंशांत जे पुरतं ते दुसऱ्याला 12 अंशांतही पुरत नाही. त्यामुळे आकड्यांपेक्षा कारणं नीट समजून घ्या. मग आपल्यापुरता हिशेब स्वतःला करता येतो.

आकाशदर्शनाची थंडी ट्रेकिंगच्या थंडीपेक्षा वेगळी असते, आणि नवीन माणूस फसतो तो इथेच. स्वस्थ उभं किंवा बसलेलं शरीर साधारण 100 वॅट उष्णता तयार करतं. भरभर चालणारं शरीर त्याच्या तिप्पट किंवा जास्त. डोंगर चढताना जे कपडे गरम वाटतात तेच दुर्बिणीपाशी अपुरे पडतात, कारण आतली भट्टी मंदावलेली असते. कपडे उष्णता निर्माण करत नाहीत, आहे ती अडवतात. बुटांच्या लेबलवर एखादं तापमान लिहिलेलं असेल तर ते चालणाऱ्यासाठी आहे की उभं राहणाऱ्यासाठी, हे बहुधा सांगितलेलंच नसतं. आपण आपलं उभं राहणाऱ्याच्या बाजूने धरून चालावं.

दुसरं म्हणजे, आपल्याला हवी असते ती निरभ्र रात्र, आणि निरभ्र रात्रच जास्त गार असते. ढग असले की जमिनीतून निघालेली बरीचशी उष्णता ते परत खाली पाठवतात. आकाश मोकळं असलं की वर तोंड करून असलेली प्रत्येक वस्तू उष्णता बाहेर टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. दुर्बिणीच्या नळीवर दव धरतं ते यामुळेच. तेच तुमच्या टोपीचं, खांद्यांचं आणि बुटांच्या वरच्या बाजूचं होत असतं. बाहेरचा थर ओला झाला की त्याची ऊब गेली. शिवाय पारा रात्रभर उतरत राहतो आणि सगळ्यात खाली जातो तो सूर्योदयाच्या आसपास. म्हणून घरातून निघताना संध्याकाळच्या गारव्याचा विचार करून कपडे घालू नका. किती वाजता परत यायचं आहे ते बघा आणि त्या वेळच्या थंडीचे कपडे बरोबर घ्या.

आता मुख्य मुद्दा. हाताच्या बोटांत स्नायू जवळजवळ नसतात. बोटं हलवणारे मोठे स्नायू मनगटाच्या वर असतात. पायाच्या बोटांचंही बरंचसं तसंच, त्यांची मोठी सूत्रं पोटरीतून हलतात. त्यामुळे बोटांना स्वतःची अशी ऊब फारशी नसते. ती येते रक्ताबरोबर. आणि धड गार पडायला लागलं की शरीर आधी हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं, कारण हृदय, फुप्फुसं आणि मेंदू उबदार राहणं त्याला जास्त महत्त्वाचं असतं. तुम्हाला अजून हुडहुडी भरलेली नसते, ‘मला काही फार थंडी वाजत नाहीये’ असंच वाटत असतं, पण तिकडे पायांचा पुरवठा कमी झालेला असतो. अशा वेळी पायांवर कितीही लोकर चढवा, आत उष्णताच येत नसेल तर लोकर अडवणार काय?

थॉमस लुईस या इंग्लंडमधल्या वैद्याने 1930 मध्ये एक गमतीची गोष्ट नोंदवली होती. बर्फाच्या पाण्यात बोट धरलं की ते आधी गार पडतं, मग पाच-दहा मिनिटांनी आपोआप थोडं गरम होतं, पुन्हा गार होतं, असा चढउतार चालू राहतो. आवळलेल्या रक्तवाहिन्या मधूनमधून सैल होतात. ही सोय शरीरात आहेच, पण अंगच गारठलेलं असेल तर ती मंदावते. दोन माणसं सारखेच हातमोजे घालून शेजारी उभी असताना एकाची बोटं चालतात आणि दुसऱ्याची आखडतात, त्याचं एक कारण हे. ज्याचं धड उबदार त्याचे हात उबदार.

तेव्हा पायांसाठी पहिला खर्च मांड्यांवर करा. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण बहुतेक जण वर तीन-चार थर चढवतात आणि खाली नुसती जीन्स. मांड्यांमधून पायांकडे मोठा रक्तपुरवठा जातो आणि वाऱ्याला तोंड देणारं क्षेत्रफळही मोठं असतं. आत थर्मल, वर सैल उबदार पँट आणि त्यावर वारा अडवणारं पातळ आवरण, एवढं केलं की पायांच्या तक्रारी बऱ्याच कमी होतात. जीन्स मात्र नको. ती दव शोषते, वाळत नाही आणि गुडघ्याशी आवळते. गळा आणि डोकं झाका. डोक्यातून अंगाची अर्धी उष्णता जाते असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या दहाव्या भागाच्या आसपास आहे आणि उष्णताही साधारण तेवढीच जाते. पण बाकी सगळं अंग झाकून डोकंच उघडं ठेवलं तर व्हायचा तो ऱ्हास तिथूनच होणार, म्हणून कानटोपी हवीच. आणि हे सगळं थंडी वाजायच्या आधी घाला. एकदा पाय बधिर झाले की उभ्याउभ्या ते परत गरम करणं फार कठीण जातं.

वाऱ्याबद्दल एकच आकडा सांगतो. हवा 0 अंश असताना ताशी 20 किलोमीटर वारा सुटला तर उघड्या त्वचेला सुमारे उणे 5 अंशांसारखं जाणवतं. दुर्बीण भिंतीच्या किंवा गाडीच्या आडोशाला लावली तर एक जॅकेट वाचतं आणि प्रतिमाही कमी हलते.

आता तीन मोजे. बूट नेहमीच्या मापाचे असतील तर तिसऱ्या मोज्याने ऊब वाढत नाही, घटते. खरी ऊब लोकरीच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेची असते. मोजे एकमेकांवर आवळून बसले की ती हवा निघून जाते, शिवाय पाय चेपला जाऊन आधीच कमी झालेलं रक्त आणखी कमी येतं. आज रात्रीच एक करून पाहा: एक मोजा काढा, नाडी सैल करा आणि बुटात बोटं मोकळी हलवता येतात का बघा. हलत नसतील तर बूट लहान आहेत. आत एक पातळ मोजा आणि वर एक जाड लोकरीचा, एवढे पुरतात. सुती मोजे टाळा.

सुती का नको, तर घामामुळे. सामान उचलून आणताना, तिपाई लावताना, वजनं अडकवताना पायांना घाम येतो. थंडीत तो जाणवत नाही इतकंच. पाणी स्थिर हवेपेक्षा जवळपास 25 पट जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे दमट मोजा घालून उभं राहणं म्हणजे हळूहळू पाय थंड करत नेणं. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा धागा ओला न वाटता पोटात घेऊ शकते, सुताला ते जमत नाही. माझी पद्धत अशी: दुर्बीण मांडेपर्यंत साधे मोजे आणि साधे बूट. मांडून झालं की पाय पुसून कोरडे करायचे, मग निरीक्षणाचे मोजे आणि बूट चढवायचे. तेही घरात गरम जागी ठेवलेले. बूट दिवसभर गाडीच्या डिकीत पडलेले असतील तर पहिला अर्धा तास तुमचे पायच त्यांना गरम करत बसतात.

पण यापेक्षाही जास्त फरक पडतो तो पायाखालच्या जमिनीमुळे, आणि त्याकडे कोणी बघत नाही. वरच्या बाजूला मोज्यांचं आवरण फुललेलं असतं, तळव्याखाली मात्र तुमच्या वजनाने ते दाबून सपाट झालेलं असतं. तिथून उष्णता सरळ खाली उतरते. काँक्रीट आणि दगड फोमच्या मानाने तीस-चाळीस पट किंवा त्याहून जास्त उष्णतावाहक आहेत. शिवाय त्यांचा साठा एवढा मोठा की तुमच्या पायांनी ते तापण्याची आशा करू नये. कोरडी माती आणि लाकूड त्या मानाने बरे. ओली माती वाईट.

उपाय स्वस्त आहे. व्यायामाला किंवा तंबूत अंथरायला मिळणारी, बंद पेशींच्या फोमची मॅट घ्या, जाडी एक सेंटिमीटर किंवा जास्त. उशीत असतो तसा मऊ स्पंज नको. तो पायाखाली चपटा होतो आणि दव पितो. मॅट नसेल तर लाकडी फळीवर जुना गालिचा टाका. जमीन ओली असेल तर खाली प्लॅस्टिक. मॅट दुर्बिणीभोवती घोड्याच्या नालासारखी अंथरा, म्हणजे नळी कुठेही वळवली तरी पाय मॅटवरच पडतात. तिपाईचे पाय मात्र मॅटवर घेऊ नका, प्रत्येक पावलाला प्रतिमा डुलेल. आणि कडा पांढऱ्या पट्टीने दाखवून ठेवा, अंधारात तिलाच अडखळून दुर्बिणीवर पडण्याची वेळ यायला नको. बुटांच्या आत लोकरीचा किंवा नमद्याचा जाड तळ टाकता आला तर उत्तम, पण त्याने बूट घट्ट होणार नाहीत याची खात्री करून घ्या.

खुर्ची वापरत असाल तर चांगलंच, बसून पाहिलं की डोळा स्थिर राहतो आणि अंधुक तपशील जास्त दिसतात. पण बसल्यावर पाय आणखी लवकर गार पडतात, कारण स्नायू पूर्ण थांबलेले आणि मांड्या खुर्चीच्या कडेवर दाबलेल्या. खुर्चीवर फोमचा तुकडा टाका, पाय लोंबकळत ठेवू नका. दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून टाचा उचलायच्या, वीस-तीस वेळा, शिवाय थोडं चालून यायचं. पोटऱ्यांचे स्नायू चालले की रक्त खाली-वर फिरतं. घाम येईल इतकं नको. हातांसाठी खांद्यापासून पूर्ण हात गोल फिरवा, रक्त बोटांच्या टोकांकडे ढकललं जातं. अर्थात दुर्बिणीपासून चार पावलं लांब.

हातांचा प्रश्न वेगळा आहे, तो उबेइतकाच कामाचाही आहे. सगळी बोटं एका खोळीत राहणारे मिटन हे पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा नेहमीच उबदार, कारण बोटं एकमेकांची ऊब वाटून घेतात आणि बाहेरचं क्षेत्रफळ कमी होतं. पण मिटन घालून नेत्रिकेचा स्क्रू सोडवता येत नाही. म्हणून जोडी वापरा: आत पातळ, बोटांना चिकटणारे हातमोजे आणि वर सैल मिटन. काम करताना मिटन काढायचा, आतला मोजा काढायचाच नाही. मिटनला दोरी लावून ती बाहीतून ओवून घ्या, लहान मुलांची असते तशी. अंधारात खाली पडलेला आणि दवाने भिजलेला मिटन निरुपयोगी असतो.

मग दुर्बीणच हातमोज्यांच्या सोयीची करा. फोकसरच्या खुंटीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा. खुंटीला लांब दांडा मिळतो, मिटनच्या टोकाने हलकेच ढकलता येतो आणि फोकसही उघड्या बोटांपेक्षा बारीक जमतो. लहान स्क्रूंच्या जागी मोठ्या मुठीचे स्क्रू बसवता येतात. तिपाईच्या ॲल्युमिनियमच्या पायांवर फोमची नळी किंवा कापडी पट्टी गुंडाळा, ॲल्युमिनियम बोटांतली उष्णता भराभर ओढून घेतं. नोंदी पेन्सिलने करा, थंडीत पेनची शाई अडते. आणि रात्रीची यादी अशी आखा की एकाच नेत्रिकेतून बघायच्या गोष्टी एकापाठोपाठ येतील. नेत्रिका बदलणं अर्ध्यावर आलं की हात उघडे पडणंही अर्ध्यावर येतं. मनगटाकडे लक्ष द्या, तिथे रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळ असतात. जुन्या लोकरी मोज्याचा वरचा भाग कापून मनगटावर चढवला की बाही आणि हातमोजा यांच्यातली फट बुजते.

कॅमेऱ्याने फोटो घेत असाल तर नशीबवान आहात. एकदा मांडणी झाली की मिटन घालून फिरत राहा, उघड्या आकाशाखाली पुतळ्यासारखं उभं राहायची गरज नाही.

हात गरम ठेवण्याच्या पुड्यांबद्दलही विचाराल. एकदाच वापरायच्या पुडीत लोखंडाची पूड असते, तिला हवेतला ऑक्सिजन मिळाला की ती गंजते आणि गंजताना तापते. मिटनमध्ये किंवा खिशात ती छान चालते. घट्ट बुटात हवाच नसते म्हणून हाताची पुडी तिथे थंड पडते. पायांसाठी वेगळ्या बनवलेल्या पुड्या मिळतात, त्याच घ्या आणि बोटांच्या वरच्या बाजूला मोज्यावर लावा. उघड्या त्वचेवर कधीच नको, बधिर त्वचेला भाजलेलं कळत नाही. धातूची चकती दाबली की घट्ट होणारी, पुन्हा वापरायची पिशवी सोडियम ॲसिटेटची असते. ती जवळपास 54 अंशांपर्यंत तापते, पण बहुधा तासाभराच्या आत निवते. बॅटरीचे मोजे चांगले असतात, फक्त थंडीत बॅटरी लवकर उतरते हे धरून चाला. आणि हे सगळं वरचं पूरक आहे. धड गार आणि मॅट नाही, अशा स्थितीत पुडीचा उपयोग अर्धा तास.

दुर्बिणीशेजारी शेगडी किंवा हीटर मात्र नको. गरम हवेचे झोत नळीसमोरून गेले की तारा उकळताना दिसतो. मोठ्या वेधशाळांचे घुमटही याच कारणाने गरम केले जात नाहीत. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या 200 इंची हेल दुर्बिणीत निरीक्षक नळीच्या आत, मुख्य नाभीपाशी (आरशाने गोळा केलेला प्रकाश एकवटतो तिथे), पिंजऱ्यात बसून रात्र काढत. ते विजेवर तापणारे, विमानचालकांचे सूट घालत. हवा तापवायची नाही, माणूस तापवायचा, हे तत्त्व आपल्याला गच्चीवरही लागू.

गरम पेयाचा हिशेब गंमत म्हणून करून पाहा. पाव लिटर पेय 60 अंशांवरून शरीराच्या 37 अंशांवर येताना सुमारे 24 किलोज्यूल देतं. 100 वॅटच्या हिशेबाने ती चार मिनिटांची उष्णता झाली. तरी प्या, कप हातात धरून प्या, बोटांना तेवढंच. खरी ऊब पोटातल्या अन्नाची, म्हणून उपाशीपोटी जाऊ नका. मद्य घेतल्यावर गरम वाटतं कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. सिगारेट उलट बोटांच्या वाहिन्या आवळते. दोन्ही टाळावं.

आत जाऊन शेकून यायचं असेल तर अंधाराला सरावलेले डोळे जातात, ते परत सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. म्हणून आतही मंद लाल दिवा ठेवा, नाहीतर निरीक्षणाच्या डोळ्यावर पट्टी बांधून जा. 13-14 डिसेंबरच्या सुमाराचा मिथुन उल्कावर्षाव पडून पाहायचा असेल तर सरळ स्लीपिंग बॅगमध्ये शिरा, आणि अंगावर जेवढं घेता त्याहून जास्त अंगाखाली घ्या, कारण खालचं दबतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. बोटं दुखत होती आणि आता दुखायची थांबली, पण ऊब आलेली नाही, हे सुधारल्याचं लक्षण नव्हे. पारा शून्याच्या खाली असेल आणि त्वचा पांढरट, मेणासारखी, बधिर दिसत असेल तर लगेच आत जा. चोळू नका, आगीवर धरू नका. 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बोटं थोड्याशा गारव्यातही आधी पांढरी, मग निळसर, मग लाल होत असतील तर ती रेनोची, म्हणजे गारव्याने बोटांच्या रक्तवाहिन्या जास्तच आवळण्याच्या विकाराची, लक्षणं असू शकतात, तेही डॉक्टरांशी बोला. मधुमेह असेल किंवा रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असतील तर पुड्या आणि तापणारे मोजे जपून.

आता बूट. वरचं सगळं करून दोन-तीन रात्री काढा. तरीही पाय गारठत असतील तर असे बघा: तळ जाड, आत काढून वाळवता येणारं लोकरीचं किंवा नमद्याचं अस्तर, बाहेरून पाणी न शिरणारे, आणि नेहमीपेक्षा एक माप मोठे. चालायला सोयीचे आहेत का याची फार चिंता नको, तुम्हाला त्यात उभंच राहायचं आहे. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. निरीक्षणाचे दोन्ही मोजे घालून जा, बूट चढवून नाडी बांधा आणि पाचही बोटं वर-खाली हलवून बघा. एकही बोट अडलं तर तो जोड परत ठेवा, मग तो कितीही गुबगुबीत असो.